लक्ष्मणराव किर्लोस्कर : माळावर कारखाना उभारणारा आणि माणसं घडवणारा उद्योजक



दहावीचा निकाल लागला की आमच्या कड्यात आठ-पंधरा दिवस एकच चर्चा असते. अकरावीला सायन्स घ्यायचं की आर्ट्स? आयटीआयला नंबर लागेल का? लागला तर कोणता ट्रेड घ्यायचा? आणि ट्रेड करून पोराला काम कुठं मिळणार? या शेवटच्या प्रश्नावर आम्ही शिक्षकही गप्प बसतो. कारण आष्टी तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, आणि हाताशी आलेलं पोरगं असलं की तेही गाडीत चढतं. वर्गातली काही बाकं मार्च-एप्रिलपर्यंत रिकामी राहतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. शाळेची बंद पडलेली पाण्याची मोटार त्याने दुपारच्या सुट्टीत खोलून चालू करून दिली होती. दहावीला त्याला बरे मार्क पडले. वडील विचारायला आले तेव्हा मी बिनधास्त सांगितलं की सायन्सला घाला. मोटार दुरुस्त करता येणं हेही शिक्षणच आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. त्याची बारावी पूर्ण झाली नाही. आज तो फडावर ऊस तोडतो. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

म्हणून आजच्या पाठासाठी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र निवडले आहे. त्यांचे नाव आपण पंपावर, इंजिनावर वाचतो. पण आपल्यासारख्या कोरडवाहू भागात काम कसे उभे राहते आणि त्या कामासाठी माणसे कशी तयार होतात, हे त्यांच्या आयुष्यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

बालपण आणि रंगांची अडचण

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या ठराविक अभ्यासात त्यांचे मन फारसे रमत नसे. दोनच गोष्टींची ओढ होती. एक चित्र काढण्याची आणि दुसरी यंत्रांची. घरातल्या वडीलधाऱ्यांना या दोन्हींत पोटापाण्याची सोय दिसत नव्हती. आजच्या पालकांना जशी काळजी वाटते, तशीच ती होती. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

१८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. चित्रकार व्हायचे ठरले होते. पण शिकता शिकता एक गोष्ट उघडकीला आली. काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखू येत नव्हता. चित्रकाराला याहून मोठी अडचण कोणती असणार? रंगकाम सोडावे लागले.

इथे थोडं थांबू या. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाला अशी अडचण आली तर आपण काय करतो? बहुतेक वेळा त्याला दुसरीकडे पाठवतो आणि विषय संपवतो. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्राचे भाग मापात, प्रमाणात आणि वेगवेगळ्या बाजूंनी कागदावर काढण्याची कला, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंग, ते शिकले. या चित्राला रंग लागत नाहीत. लागते ती नजर, मोजमाप आणि वस्तू आतून कशी असेल याची कल्पना. बालपणीच्या दोन्ही आवडी, चित्र आणि यंत्र, इथे एकत्र आल्या. पुढच्या साऱ्या आयुष्याचा पाया हाच ठरला.

शिक्षक लक्ष्मणराव

मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज आपण तिला व्हीजेटीआय म्हणतो. गिरण्यांच्या मुंबईला यंत्र जाणणारी माणसे हवी होती, त्या गरजेतून ही संस्था उभी राहिली. लक्ष्मणराव तिथे ड्रॉइंग शिकवू लागले. म्हणजे हा मोठा कारखानदार आधी आपल्यासारखाच मास्तर होता, हे मुलांना आवर्जून सांगावे.

शिकवता शिकवता ते स्वतःही शिकत होते. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये यंत्रे कशी चालतात, मोडली की कशी उघडायची, ओतकाम कसे होते, हे त्यांनी जवळून पाहिले. कागदावर काढलेला भाग लोखंडात उतरतो तेव्हा कुठे चुकतो, हे हाताने काम केल्याशिवाय समजत नाही.

पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. ठरलेला पगार सोडून गावाकडे जाणे त्या काळी लोकांना वेडेपणाच वाटला असणार. आजही वाटतो.

सायकलच्या दुकानातून कडबा कापण्याच्या यंत्रापर्यंत

बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान होते. त्याची सुरुवात १८८८ ची. लक्ष्मणराव मुंबईत असताना तिथून सायकली घेऊन पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. सायकल तेव्हा नवलाची वस्तू होती. ती विकायची तर चालवायला शिकवणे आणि बिघडली तर दुरुस्त करणे भागच होते. विक्री, शिकवणी आणि दुरुस्ती अशी तिन्ही कामे त्या छोट्या दुकानात एकत्र चालत.

पण नुसत्या विक्रीवर लक्ष्मणरावांचे समाधान होईना. परदेशातून येणारी यंत्रविषयक मासिके ते वाचत. त्यातली चित्रे त्यांना वाचता येत, कारण ती भाषा ते शिकलेले होते. आसपास बघितले तर सगळी शेती. शेतकऱ्याच्या रोजच्या कामात कुठे घाम जास्त जातो आणि कुठे वाया जातो, याचा विचार सुरू झाला. त्यातून त्यांनी जनावरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले.

आपल्या भागात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. अख्खा कडबा गव्हाणीत टाकला तर जनावर पाला खातं आणि ताटं तुडवतं. कुट्टी करून टाकला तर तोच कडबा जास्त दिवस पुरतो. दुष्काळी भागात चाऱ्याची बचत म्हणजे जनावर बाजारात न्यायची वेळ टळणं. आज कड्याच्या आसपास दुधाचा धंदा करणाऱ्या कितीतरी घरांच्या पडवीत कडबा कुट्टी दिसते. आपल्या मुलांना ही वस्तू पुस्तकातल्या चित्रावरून दाखवायची गरज नाही. ती घरीच आहे.

नांगराची गोष्ट

यानंतर लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवायला घेतला. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती पलटतो. हरळीसारखे तण मुळासकट निघायला त्याने मदत होते. फायदा उघड होता. पण शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंड जमिनीत गेले की माती विषारी होते, पीक येत नाही, असा समज पक्का होता. नांगर तयार होऊनही पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

दोन वर्षे! आपण एखादा उपक्रम दोन महिने चालला नाही तर बंद करतो.

या गोष्टीत शेतकऱ्याला अडाणी ठरवून हसण्यासारखे काही नाही. ज्याचे वर्षभराचे पोट एका हंगामावर अवलंबून असते, तो नव्या वस्तूला घाबरणारच. चुकले तर भरपाई कोण देणार? लक्ष्मणरावांनी हे ओळखले. शेतकऱ्याने आपल्या डोळ्यांनी पीक बघेपर्यंत वाट पाहणे त्यांना मान्य होते. एकाच्या रानात नांगर चालला, पीक चांगले आले, की शेजारच्या बांधावरचा माणूस आपणहून चौकशी करतो. हळूहळू मागणी वाढली.

आता हेच आपल्याकडच्या आयटीआयबद्दल बघा. हुशार पोरं सायन्सला जातात आणि राहिलेली आयटीआयला, हा समज आपल्या गावात लोखंडी नांगराच्या समजाइतकाच पक्का आहे. तो भाषणाने जाणार नाही. गावातला एक मुलगा वायरमन होऊन गावातच घर बांधेल, तेव्हा जाईल.

बेळगाव सुटले, कुंडल रोडला मुक्काम

धंदा जरा मार्गी लागतो न लागतो तोच नवे संकट आले. बेळगाव नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी जागा हवी होती आणि त्यात किर्लोस्करांचा कारखाना होता. उठावे लागणार हे ठरले. यंत्रे आहेत, कारागीर आहेत, पण जायचे कुठे?

त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंधचे एक बांधकामाचे काम होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे कलेचे जाणकार आणि लक्ष्मणरावांचे स्नेही. अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानातली जागा आणि कर्जाऊ रक्कम देऊ केली. जागा होती कुंडल रोड या रेल्वे स्टेशनजवळचा बत्तीस एकरांचा ओसाड माळ. सगळीकडे निवडुंग, आणि निवडुंगात साप. पाण्याची मारामार.

१० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे लक्ष्मणरावांबरोबर आली. आज ही जागा सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे आणि स्टेशनचे नावही किर्लोस्करवाडी झाले आहे.

माळ ओसाड होता, हे आपण नेहमी सांगतो. पण तो रेल्वे स्टेशनच्या शेजारी होता, ही दुसरी बाजू सांगायची राहून जाते. लोखंड, कोळसा आत यायचा आणि नांगर बाहेर जायचे ते रेल्वेने. जमीन आणि भांडवल संस्थानाने दिले. गिऱ्हाईक म्हणजे चहूकडचा शेतकरी. जमीन, पैसा, वाहतूक, बाजार आणि कसब या पाच गोष्टी एका ठिकाणी जुळल्या तेव्हा कारखाना उभा राहिला. एकट्या जिद्दीवर सगळे झाले असे मुलांना सांगितले तर ते अर्धेच सांगणे होईल, आणि ज्यांच्याकडे जिद्द आहे पण बाकीचे काही नाही त्यांच्यावर तो अन्यायही होईल.

शिकलेली माणसं नव्हती, मग काय केलं?

किर्लोस्करवाडीचा खरा धडा मला इथे दिसतो. त्या माळावर फिटर, टर्नर, मोल्डर कुठून येणार? आसपासची माणसे म्हणजे शेतकरी, शेतमजूर, गावातले सुतार आणि लोहार. तयार कारागीर मिळेपर्यंत थांबायचे म्हटले असते तर कारखाना कधीच सुरू झाला नसता. लक्ष्मणरावांनी आहेत त्या माणसांना कामावर घेतले आणि काम करता करता शिकवले. लोहाराला आगीची आणि लोखंडाची ओळख होतीच. सुताराला माप माहीत होते, त्यामुळे ओतकामाचा लाकडी नमुना तो बनवू शकत होता. जे येते त्याच्या पुढची एक पायरी शिकवायची, अशी ती पद्धत होती.

त्यांच्या सुरुवातीच्या सहकाऱ्यांची नावे बघण्यासारखी आहेत. शंभूराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळत. मंगेशराव रेगे कचेरी आणि हिशेब बघत. रामूअण्णांनी वसाहतीच्या उभारणीत लक्ष घातले. अनंतराव फळणीकर यांचे शाळेत मन लागले नव्हते आणि शिक्षण अर्धवट राहिले होते. पण त्यांच्या डोक्यात सतत यंत्रांच्या कल्पना चालत. शाळेला नकोसा झालेला हा तरुण किर्लोस्करवाडीत यंत्रांचा रचनाकार झाला.

फळणीकरांची गोष्ट सांगताना मात्र शिक्षकांनी जपावे. शाळा सोडली तरी मोठे होता येते, असा अर्थ मुले लगेच काढतात. तसा तो नाही. फळणीकरांना शाळेच्या जागी दुसरी शाळा मिळाली. तिथे ड्रॉइंगचा फळा होता, चूक दाखवणारा जाणता माणूस होता आणि केलेली वस्तू खरोखर चालते का हे तपासणारे शेत होते. शाळा सोडून थेट फडावर गेलेल्या मुलाला यातले काहीच मिळत नाही. त्याच्या हाताला काम मिळते, पण ते काम त्याला पुढचे काही शिकवत नाही. पाचव्या हंगामात तो पहिल्या हंगामातलेच काम करतो.

दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी म्हणून नेमले आणि त्यांनी तो विश्वास राखला. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा नियम त्यांनी घातला. ज्या काळात गावातला पाणवठाही वेगळा असे, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. कसब शिकायचे दार जातीवर बंद होत असेल तर शिक्षणाची कोणतीही योजना लंगडीच राहते.

वसाहत म्हणजे नुसती कामगारांची घरे, असेही त्यांच्या मनात नव्हते. कामगाराच्या कुटुंबाचे आरोग्य, मुलांचे शिकणे, वाचन, झाडे, स्वच्छता यांचा विचार त्यात होता. जमशेदपूरच्या पाठोपाठ उभी राहिलेली देशातली दुसरी औद्योगिक वसाहत म्हणून किर्लोस्करवाडीचा उल्लेख केला जातो. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे कारखान्याचे पत्रक सुरू केले. तेच पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून घरोघरी पोहोचले. कारखान्याच्या माळावरून मराठी वाचकाला मासिक मिळाले, हेही लक्षात ठेवावे.

टंचाईचा काळ

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारे लोखंड थांबले, कोळसा मिळेना. नांगराला मागणी आहे आणि कच्चा माल नाही, अशी स्थिती. लक्ष्मणरावांनी भट्टीसाठी लोणारी कोळसा वापरायचा मार्ग काढला. लोखंडासाठी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा विकत घेतल्या आणि त्या वितळवून नांगर केले. ज्या तोफांचा काळ संपला होता, त्यांचे लोखंड शेतकऱ्याच्या रानात पुन्हा कामाला लागले. मुलांना ही गोष्ट फार आवडते, माझा अनुभव आहे.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगर आणि कडबा कापण्याच्या यंत्राबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे, पाण्याचे पंप अशी यादी वाढत गेली. प्रत्येक वस्तूच्या मागे त्या भागातले एखादे पीक किंवा एखादी अडचण होती.

एका माणसाची गोष्ट, एका पट्ट्याची गोष्ट

त्या काळात किर्लोस्करवाडी एकटी नव्हती. त्याच रेल्वेमार्गाच्या पट्ट्यात कराडजवळ ओगले बंधूंचा काचेचा कारखाना १९१६ मध्ये सुरू झाला. त्यांचा प्रभाकर कंदील आपल्या आजी-आजोबांना माहीत असेल. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा नांगराचा कारखाना उभा राहिला. त्याआधी तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. लोकांकडून पैसा पैसा जमवून तो काढला होता, आणि तिथे माल तयार व्हायचा तसे कारागीरही तयार व्हायचे. तिथे शिकलेली माणसे पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली.

आणि या पट्ट्यातून गावोगाव फिरणारा एक विक्रेता होता, भाऊराव पाटील. ओगल्यांच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री त्यांनी काही काळ केली. खेड्यापाड्यांत फिरताना रयतेची मुले शिक्षणाविना कशी राहतात हे त्यांनी पाहिले. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. वसतिगृहातल्या मुलांनी काम करायचे आणि त्या बळावर शिकायचे, ही त्यांची कमवा आणि शिका योजना. हाताने काम करणे आणि पुस्तक वाचणे यांच्यातली भिंत एकीकडे लक्ष्मणरावांनी कारखान्यातून पाडली, तर दुसरीकडे भाऊरावांनी वसतिगृहातून.

त्या काळी आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपल्या भागाला असा पट्टा मिळाला नाही. रेल्वे नाही, कारखाने नाहीत, शाळाही मोजक्या. १९४८ नंतर शाळा आल्या, पण काम आले नाही. म्हणून शिकलेला आणि न शिकलेला दोघेही बाहेर गेले. एक पुण्याच्या एमआयडीसीत, दुसरा उसाच्या फडावर.

शेवटची वर्षे

लक्ष्मणरावांनी पुढच्या पिढीलाही यंत्राच्या शिक्षणासाठी पाठवले. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ मध्ये शिकून परतले आणि कारखान्यात रुजू झाले. १९४१ मध्ये हरिहरला लेथ यंत्रांचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बेंगळुरूत विजेच्या मोटारींचा कारखाना सुरू झाला. नांगर बनवणाऱ्या घराने आता नांगर बनवणारी यंत्रे बनवायला घेतली होती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

कड्यातून पाहताना

हे चरित्र वाचून झाल्यावर एक गोष्ट मला नीट उमगली. लक्ष्मणरावांनी कामांचा क्रम बरोबर लावला होता. आधी परिसरातले काम पाहिले, मग त्या कामाला लागणारी वस्तू ठरवली, मग ती वस्तू बनवायला लागणारे कसब शिकवले. आपण उलटे करतो. आधी ट्रेडची यादी, मग प्रवेश, मग प्रमाणपत्र, आणि शेवटी विचारतो की आता काम कुठे आहे.

आज जिल्ह्याजिल्ह्यात कौशल्य विकासाचे आराखडे होतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावीपासून व्यवसायाची ओळख करून द्यायला आणि मधल्या इयत्तांत दहा दिवस दप्तराविना कारागिरांबरोबर घालवायला सांगितले आहे. कागदावर हे सगळे चांगलेच आहे. पण आमच्या गावात कोणत्या कामाला माणूस मिळत नाही, हे त्या आराखड्यात कोण लिहिणार? ते गावातल्या शाळेलाच माहीत असते.

कड्याच्या आसपास दूध आहे. कांदा आहे. विहिरींवर मोटारी आहेत, शेतात ठिबकच्या नळ्या आहेत, ट्रॅक्टर आहेत, घरोघरी कुट्टी यंत्रे आहेत. ऊसतोडणीसाठी हार्वेस्टर येऊ लागले आहेत. एक हार्वेस्टर कितीतरी कोयत्यांचे काम करतो, आणि तो चालवायला व दुरुस्त करायला शिकलेले हात लागतात. कोयत्याचे काम कमी होणार हे दिसतेच आहे. ते कमी व्हायच्या आत आपली मुले त्या यंत्राशेजारी उभी राहतील की नाही, हा खरा प्रश्न आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नगर ते आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन मिळाले. कुंडल रोडच्या माळाला जी सोय होती, ती शंभर वर्षांनी का होईना, आपल्या दारात आली आहे. आता त्या गाडीतून आपण नुसती माणसे बाहेर पाठवायची की मालही पाठवायचा, हे आपण काय शिकवतो यावर बरेच अवलंबून आहे.

मुलाला गावातच अडकवून ठेवा, असे मी म्हणत नाही. लक्ष्मणराव स्वतः मुंबईला गेले म्हणूनच शिकले. आयटीआय करून चाकण-रांजणगावला जाणारा मुलगा चुकतो असेही नाही. पण जायचे ते कसब घेऊन आणि आपल्या मर्जीने. उचल फेडायला म्हणून नको.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. आठवी-नववीच्या मुलांना आपापल्या गल्लीतल्या यंत्रांची यादी करायला सांगा. मोटार, कुट्टी, दूध काढायचे यंत्र, फवारणी पंप, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, शिवणयंत्र. प्रत्येकापुढे लिहायचे की बिघडले तर दुरुस्तीला कोण येते आणि कुठून येते. ज्याच्यापुढे नगर किंवा बीड असे लिहिले जाईल, ते काम गावात मोकळे आहे, असे समजा. चार शाळांच्या याद्या एकत्र केल्या तर तालुक्याचा आराखडा निम्मा तयार होतो.

२. कडबा कुट्टीचे किंवा सायकलच्या पायडलचे चित्र तीन बाजूंनी, माप घेऊन काढायला लावा. सुंदर काढणाऱ्यापेक्षा बरोबर माप घेणाऱ्याचे कौतुक करा.

३. गावातला लोहार, सुतार, वायंडिंग करणारा, वेल्डर यांपैकी एकाला वर्गात बोलवा. त्यांना पाहुणा म्हणून खुर्ची द्या आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.

४. पालकसभेत दहावीच्या टक्क्यांसोबत मुलाच्या हाताला काय येते तेही सांगा. त्यासाठी वर्षभर एका वहीत नोंद ठेवा.

चौथी गोष्ट मी माझ्यासाठीच लिहिली आहे. त्या मुलाच्या वडिलांना त्या दिवशी शाळेच्या मोटारीबद्दल सांगायला हवे होते. आता अशी वही मी ठेवतो. यंदा तिच्यात सतरा नावे आहेत आणि प्रत्येकापुढे मार्कांशिवाय काहीतरी लिहिलेले आहे. दिवाळीच्या आत त्या सतरा घरी जाऊन येणार आहे.